बापूकाका आणि फुकट सर्व्हिसिंग

शेजारच्या बापूकाकांना थाप मारून मी नवी गाडी फुकट सर्व्हिसिंगसाठी कोल्हापूरला नेली. चूक माझीच. वकील असून केली.

बापूकाका एसटी डेपोतले निवृत्त मेकॅनिक. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला लावून ते डॉक्टरसारखे ऐकत. 'फुकट' या शब्दाचा मात्र त्यांना भारी संशय. टूथपेस्टबरोबर ब्रश फुकट मिळाला की आधी ट्यूब दाबून बघत. "कुठेतरी कापलंन असणार!" हे त्यांचं पालुपद. सत्यनारायणाचा प्रसाद कुणी दुसऱ्यांदा वाढला तर म्हणत, "वर्गणी काढतायत वाटतं."

गाडीबरोबर तीन कूपनं आली, तेव्हा त्यांनी भिंग मागितलं. "मजुरी फुकट म्हणतंय. ऑइल फुकट म्हणतंय काय? आणि कोल्हापूरपर्यंत पेट्रोल कोण घालणार, तुझा अशील?"

मग दर रविवारी सकाळी बापूकाकाच माझ्या गाडीचं बॉनेट उघडू लागले. पैसे नाहीत, चहाही अर्धाच. आता संशयाची पाळी माझी. हा माणूस फुकट का राबतो? आंब्याच्या पेट्या मुंबईला न्यायच्यात? पुतणीच्या लग्नाला गाडी हवीय? त्यात कूपनामागची बारीक अक्षरं दिसली: बाहेरच्या माणसाने इंजिनाला हात लावल्यास सवलत रद्द. मी घाबरलो. एका शनिवारी "लांज्याला अशिलाकडे जाऊन येतो" म्हणून कोल्हापूरला सटकलो.

मजुरी खरंच फुकट होती. ऑइल, फिल्टर आणि "साहेब, हे बदलायलाच पाहिजे" यांचं बिल झालं. गाडी संध्याकाळी मिळाली, म्हणून लॉजही झालं. रविवारी दुपारी अंगणात गाडी लावली, तर चिऱ्यांवर काळं ऑइल ठिबकायला लागलं.

बापूकाका पडवीतून बघत होते.

"काका, जरा बघता?"

"बाहेरचा माणूस मी. कूपन रद्द होईल तुझं."

म्हणजे ती ओळ त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती, आणि लांज्याची थापही ओळखली होती! मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण ते ठिबकणं त्यांनाच बघवेना. पाना घेऊन गाडीखाली शिरले. "नट आवळलेलाच नाय मेल्यांनी!"

गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते. पडवीत आलेल्या त्यांच्या बायकोला, काकूंना, मी हळूच विचारलं, "काका काही घेत का नाहीत? त्यांना नक्की हवंय तरी काय?"

"रिटायर झाल्यापासून कोणी हाक मारून बोलावलंन नाही त्यांना," काकू म्हणाल्या. "शनिवारी पाने घासून ठेवतात, रविवारी सहाला आंघोळ करून तयार. आजही बसले होते पाने मांडून, जेवायचे सुद्धा थांबले." मग मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "एवढे वकील झालात, पण मठ्ठच हो तुम्ही!"