डेस्काचं संमतिपत्र

आमच्या गल्लीतले देविदासकाका लाकडाला टेस्ट डोस देतात. खुर्ची असो की पाट, आधी उलटं करून तळाशी नखाएवढा रंग लावायचा आणि दोन दिवस थांबायचं. रंग फुगला किंवा तडकला, तर बाद. "अंगावर रिॲक्शन आली तं कोन पाहीन?" असं ते विचारतात. कोणाच्या अंगावर, हे सांगायची त्यांना गरज वाटत नाही.

काकांनी संग्रामपुरात एका डॉक्टरांकडे उभा जन्म कंपाउंडर म्हणून काढला. दवाखाना बंद झाल्यावर ते ओसरीवर लोकांच्या लहानसहान जुन्या वस्तू रंगवू लागले. कोणी कपाट आणलं, की हात जोडतात. "एवढी मोठी केस इथं नाई होत. अकोल्याले न्या."

इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. टर्पेंटाइनची बाटली उघडण्याआधी ते शेजारच्या घरातला गॅससुद्धा बंद करायला लावतात. मेण वितळवताना एका बाजूला पाण्याची बादली, दुसरीकडे वाळूची, आणि पायात चपला, कारण "पळाले सोपं". वस्तू परत देताना ठरलेलं वाक्य: "गॅरंटी नाई, सांगून ठेवतो." एकदा समोरचे किराणावाले म्हणाले, "काका, पाट हाय तो. त्याले काय मरन येते काय?" काका शांतपणे म्हणाले, "येत नाई, असं कोनं लिहून देलं तुले?"

आम्ही सगळे हसलो होतो. तेव्हा बाबा होते.

बाबा तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहीत. त्यांचं बैठं डेस्क होतं, उतरत्या झाकणाचं, हिरव्या रंगाचं. ते गेल्यावर महिनाभराने त्या डेस्काखाली मला पिवळसर पिठाची रेघ दिसली. झाडून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. झाकणाला कान लावला, तर आत बारीक कुरकुर चालू होती. लाकडाला भुंगा लागला होता.

तसंच ठेवलं, तर डेस्क आतून पोकळ होणार. औषध करायचं, तर वरचा रंग खरवडावा लागणार, आणि त्याबरोबर शाईचे डाग जाणार, बाबांचं मनगट टेकून टेकून हिरव्याचा तपकिरी झालेला तो तुकडाही जाणार. कुठल्याही बाजूने काहीतरी गमवायचंच होतं. दहा दिवस मी नुसतं पीठ झाडत राहिले. अकराव्या दिवशी डेस्क उचलून काकांच्या ओसरीवर नेलं.

काकांनी चष्मा वर-खाली करत भोकं मोजली. "एकवीस. उशिरा आणलं, पोरी."

दवाखान्यात बाबांच्या बाबतीतही हेच शब्द ऐकले होते.

"वाचेल?" मी विचारलं. आम्ही दोघंही हसलो नाही.

"सुईनं औषध भरतो एकेका भोकात. पन रंग खरडा लागीन, त्याच्याखाली अजून किती हायेत काय मालूम. मंग नवा रंग, वरून मेन. गॅरंटी नाई." एवढं बोलून त्यांनी फायलीतून झेरॉक्सचा कागद काढला. मागे एका बाईने पाळणा निळा का केला म्हणून त्यांच्याशी भांडण केलं होतं. तेव्हापासून ते संमतिपत्रावर सही घेतल्याशिवाय साध्या पाटालाही हात लावत नाहीत, हे गल्लीला ठाऊक होतं. कागद मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

'खाली सही करणार, सदर लाकडाचे नातेवाईक, स्वखुशीने लिहून देतात की...' अक्षर बाबांचं होतं. 'की'ची वेलांटी पार पुढच्या शब्दापर्यंत ओढलेली.

"हे बाबांनी लिहिलंय?"

"मंग कोन लिहीन? रोज संध्याकाई इथंच तं बसे. मले म्हने, देवा, तू भेत राह्य, मी लिहून देत जातो."

मला वाटायचं, बाबा फिरायला जातात.

काकांनी पेन पुढे केलं. दीड महिन्यापूर्वी दवाखान्यात असाच एक कागद मी उभ्या उभ्या, न वाचता सही करून दिला होता. पेन कागदावर टेकलं, पण पुढे सरकेना.

"काका, मला सही होत नाही."

आता ते डेस्क परत देतील, या भीतीने मी वर पाहिलंच नाही. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, कागद मांडीवर ओढला आणि नातेवाइकाच्या जागी स्वतःची सही केली. खाली 'नाते' असा रकाना होता. तिथे ते थांबले, पेनाचं टोपण दोनदा लावलं, दोनदा काढलं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं: दोस्त.

"आता जबाबदारी माही," ते म्हणाले. "तू पाय धर. हाललं नाई पाह्यजे."

मी डेस्काचे पुढचे पाय धरले. काकांनी तोंडाला रुमाल बांधला, पत्र्याची पट्टी घेतली आणि मनगटाच्या त्या तपकिरी जागेवर टेकवली. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"काका, डोळे उघडा."

"उघडतो," ते रुमालाआडून म्हणाले. "तू बोलत राह्य काईतरी. तो बोले, तवाच माहा हात चाले."