नाशिक शाखेचे बारा सभासद

फॉर्म बारा नावांवर अडून बसला होता. भारतात शिकणाऱ्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांच्या संघटनेनं दिल्लीहून कळवलं होतं, की आपली मुलं जिथं असतील तिथं शाखा काढा. एकमेकांना आधार होतो आणि नेतृत्वगुणही वाढतात. लान नाशिकला अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम शिकत होती. अध्यक्ष म्हणून तिनं स्वतःचं नाव घातलं. पण बारा सभासद भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना, आणि तिच्या माहितीत नाशकात व्हिएतनामी माणूस एकच होतं.

मग तिनं सचिव म्हणून व्हिएतनाममधल्या धाकट्या भावाचं नाव लिहिलं. तिकडच्याच शाळेतल्या मैत्रिणी, मामेबहिणी, शेजारचा सायकलवाला असे सगळे आले. सांस्कृतिक विभागप्रमुख म्हणून तिनं आजीला घेतलं. आजी जाऊन दोन वर्षं झाली होती, पण तशी विचारणा फॉर्ममध्ये नव्हती. ती नावं लिहिताना लानला सात महिन्यांत पहिल्यांदा चार माणसांत बसल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून प्रमाणपत्र आलं, ते सिंधुबाईंच्या हातात पडलं. नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेल्या सिंधुबाई एकट्याच राहायच्या. लान त्यांच्याकडे खोली घेऊन होती. संध्याकाळी त्यांनी चहा पुढे ठेवला आणि स्वतः मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"बारा जण आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "सात महिन्यांत एकालाही घरी आणलं नाहीस. माझ्या घराची लाज वाटते का गं?"

"नाही मावशी. ते... बिझी असतात."

"रविवारी पण?"

लान तेव्हाच खरं सांगणार होती. पण अकरा माणसं मनानं तयार केली आणि त्यात एक मेलेलं, हे मराठीत कसं सांगायचं ते तिला सुचेना. ती म्हणाली, "रविवारी मोकळे असतात."

सिंधुबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच हिरामणला फोन लावला. हिरामण पगारे कॉलनीतल्या विहार समितीचा सचिव. बुद्धाला मानणाऱ्या देशातून आलेली बारा मुलं आपल्या विहारात येणार म्हटल्यावर तो दहा मिनिटांत दारात उभा राहिला.

"लानताई, भात खातात ना सगळे?"

"खातात."

"तिखट?"

"कमी."

"झालं तर मग. जेवण आमच्याकडे. फक्त नावं द्या, बॅनरवर टाकतो."

नावं प्रमाणपत्रावर होतीच. शुक्रवारी लान कॉलेजातून आली, तेव्हा विहाराच्या लोखंडी फाटकावर बॅनर लागला होता. 'व्हिएतनामी विद्यार्थी संघ, नाशिक : हार्दिक स्वागत.' खाली बारा नावं देवनागरीत. तिला मराठी अक्षरं लावून लावून वाचावी लागत. शेवटच्या ओळीत तिनं आजीचं नाव वाचलं आणि रस्त्यावरच्या रिक्षा हॉर्न वाजवत असूनही बराच वेळ तिथंच उभी राहिली.

घरी येऊन तिनं संघटनेच्या यादीत जवळची शाखा शोधली. छत्रपती संभाजीनगर, सभासद पंधरा, अध्यक्ष तुआन. तिनं त्याला लिहिलं, की आमचे बरेच सभासद परीक्षेत अडकलेत. रविवारच्या कार्यक्रमाला तुमच्यातले काही याल का? उत्तर लगेच आलं. 'नक्की येऊ.' त्या 'येऊ'वर तिला शांत झोप लागली.

रविवारी सकाळी ती बस स्टँडवर गेली. बसमधून शेतकरी उतरले, एक लग्नाचं वऱ्हाड उतरलं, सगळ्यात शेवटी चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा उतरला. त्यानं तिच्या मागे पाहिलं. तिनं त्याच्या मागे पाहिलं.

"बाकीचे?" दोघांनी एकदमच विचारलं.

तुआननं चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, तुमचे बारा असतील. त्यात मी खपून जाईन."

"मग तुमचे चौदा?"

"माझ्या गावची फुटबॉलची टीम आणि तीन आत्या."

विहारात पहिल्या रांगेत बारा खुर्च्या मोकळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक खुर्चीवर एक गुलाब होता. मागे साठेक माणसं बसली होती. "जय भीम" म्हणत हिरामण पुढे आला आणि रस्त्याकडे बघू लागला.

"गाडी मागून येतेय का?"

"गाडी नाही, हिरामणभाऊ," लान म्हणाली. "मीच आहे. एकटीच. बाकी नावं माझ्या घरच्यांची आहेत. हा दुसऱ्या शाखेचा. तो पण एकटाच." मग ती सिंधुबाईंकडे वळली. "म्हणून कोणाला आणलं नाही, मावशी. नव्हतंच कोणी."

सिंधुबाई उठल्या, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरचा गुलाब उचलला आणि तिथं बसल्या. "सात महिने मला वाटत होतं, तू माझ्याशी बोलायचं टाळतेस," त्या म्हणाल्या. "बस इथं." त्यांच्यामागून आणखी नऊ बायका पुढे येऊन बसल्या. तुआनच्या शेजारी बसलेल्या बाईनं त्याला विचारलं, आई काय करते. त्याला प्रश्न कळला नाही, पण तो बराच वेळ मान हलवत राहिला.

जेवणाच्या वेळी लान हिरामणच्या पानाशी गेली. "माफ करा, भाऊ. संघ खोटा होता."

हिरामणनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "आमच्या समितीच्या पाटीवर एकवीस नावं आहेत ना, ताई? मीटिंगला मी आणि यादव येतो. यादवला कमी ऐकू येतं."

दुपारी ती तुआनला बसवर सोडायला गेली. वाटेत तो एकसारखा बोलत होता, मेसच्या पोळ्यांबद्दल, वसतिगृहातल्या माकडांबद्दल, काहीही. आपली भाषा इतक्या जवळून तिनं कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती, त्यामुळे ती मधे बोललीच नाही.

बसच्या पायरीवर तो थांबला आणि त्यानं अध्यक्षाला शोभेल असा आवाज काढला. "पुढच्या महिन्यात आमच्या शाखेची सर्वसाधारण सभा आहे. नाशिक शाखेनं यावं."

"किती जणांनी?" लाननं विचारलं.

"सगळ्यांनी," तो म्हणाला.