कोटाला ऊन

हवामान निरीक्षकाच्या बायकोने कोट बादलीत बुचकळला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तपासणीचे साहेब दोनच्या बसने येणार होते.

"अगं, बाहीवर चहाचा एक थेंब पडला होता. तेवढा पुसायचा."

"पुसून कधी डाग जातो का? आणि पाणी तापलेलंच होतं."

निरीक्षकाने कपाळाला हात लावला. कोट सरकारी, पायघोळ, पितळी बटणांचा आणि एकुलता एक. मागच्या दोन्ही तपासण्यांना निरीक्षक स्वेटरवर सापडला होता आणि 'गणवेश नाही' असा लाल शेरा बसला होता. तिसऱ्यांदा तेच झालं तर खाली सपाटीवरच्या कचेरीत फायली लावायला पाठवू, असं साहेबांनी स्पष्ट कळवलं होतं. एकोणीस वर्षं दिवसातून दोनदा पारा वाचणाऱ्या माणसाला फायली!

"दोनच्या आत वाळवतो म्हणजे वाळवतो," तो म्हणाला.

"शेगडीवर नका धरू. नुसती बटणं हातात येतील."

"उन्हात वाळवणार."

आता या गावात हिवाळ्याचं ऊन मिळणं सोपं नव्हतं. गाव डोंगराच्या घडीत, तेही इतक्या उंचीवर की नवखा माणूस चार पायऱ्या चढला की पाचवीवर बसतो. ऊन उशिरा येतं, एका भिंतीवर चाळीस मिनिटं टेकतं आणि वरच्या आळीला निघून जातं. सावलीत पारा शून्याखाली दहा. कुठल्या भिंतीवर किती वाजता ऊन, याचं कोष्टक निरीक्षकाने स्वतः केलं होतं आणि त्याचा बायकोपेक्षा त्या कोष्टकावर जास्त विश्वास होता.

अकरा दहाला घरची भिंत मिळाली. कोट निथळला. अकरा पन्नासला तो न्हाव्याच्या भिंतीशी हजर झाला, तर तिथे दोरीभर टॉवेल.

"बाबा रे, माझी नोकरी जाईल," निरीक्षक म्हणाला.

"आणि माझं गिऱ्हाईक ओल्या टॉवेलाने पळेल. दिवसाची चाळीसच मिनिटं मिळतात मला." न्हाव्याने जरा विचार केला. "कोपऱ्यात टांग. बाही टॉवेलाला लागता कामा नये."

राहिली वेधशाळेची भिंत, गावात सगळ्यात वर. तिथे एक दहा ते एक पन्नास. कोष्टक अगदी अचूक होतं, पण ते उन्हाचं होतं. निरीक्षकाच्या फुप्फुसांचा त्यात हिशेबच नव्हता. हँगरसकट कोट खांद्यावर, त्याची एक बाही डोक्यावरून घेतलेली, असा तो सावलीच्या आळीतून चढला आणि दर वळणावर धापा टाकत थांबला. पोचला तेव्हा पावणेदोन झाले होते. पाच मिनिटांत ऊन गेलं. कोट मात्र वाटेतच फळीसारखा गोठला होता, डोक्यावर घेतलेली बाही तशीच वर.

मागून बायको टोपी घेऊन आली. "विसरलात. घाला बघू कोट."

त्याने हात घातला. बाहीतून कड् असा आवाज आला.

"मोडेल," बायको म्हणाली. "सरकारी आहे."

इतक्यात दोन वाजले. आकाश कोसळलं तरी दोनची नोंद चुकवायची नाही, हा त्याचा नेम. त्याने कोट बर्फात रोवला, तो आपोआप उभा राहिला, आणि स्वेटरवरच तो पारा वाचायला धावला. बायकोला टोपी ठेवायला कोरडी जागा दिसेना, म्हणून तिने ती हँगरच्या आकड्यावर अडकवली.

खाली साहेब बसमधून उतरले. वेधशाळेच्या साठ पायऱ्यांपैकी नऊ चढले आणि बसले. चष्म्यावर धुकं, छातीचा भाता. त्यांनी वर पाहिलं, एक हात उचलला, वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याच बसने परत गेले. निरीक्षक नोंद करून बाहेर आला तेव्हा त्याला फक्त बसची पाठ दिसली.

"संपलं," तो म्हणाला. आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही.

मग पत्र आलं. ते फोडायचा त्याला धीर होईना. बायकोनेच फोडून वाचलं.

"'निरीक्षक पूर्ण गणवेशात हजर. आम्हाला पाहताच सलाम केला व शेवटपर्यंत हात खाली घेतला नाही. अशी शिस्त दुर्मीळ. बदलीचा विचार रद्द.'"

निरीक्षक मटकन खुर्चीत बसला. आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा, खाली अजून आहे," बायको म्हणाली. "'मात्र आवारात स्वेटर घातलेला एक इसम विनाकारण धावपळ करताना दिसला. त्याला ताबडतोब हाकलून द्यावे व तसे कळवावे.'"

निरीक्षकाने कोट चढवला, सगळी बटणं लावली आणि उत्तर लिहायला घेतलं: 'इसमास हाकलून दिले आहे.'