बाजूला व्हा, मयेकर फोटो काढतायत

आखातातल्या आमच्या मराठी मंडळाची सहल समुद्रकाठी, कॉर्निशवर गेली होती. पस्तीस माणसं, चार डबे साबुदाणा खिचडी आणि मयेकरांच्या गळ्यात कॅमेरा. कुणीतरी म्हणालं, "मयेकर, एक ग्रुप फोटो होऊन जाऊ दे!" मयेकरांनी आम्हाला तीन रांगांत उभं केलं, मुलांना पुढे बसवलं, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सगळे जरा बाजूला व्हा." आम्हाला वाटलं, ऊन आड येत असेल. दोन पावलं सरकलो. "अजून." आणखी सरकलो. "अजून. त्या कचऱ्याच्या डब्याच्या मागे जा." पस्तीस माणसं कचऱ्याच्या डब्यामागे गेल्यावर मयेकरांनी शांतपणे समुद्राचा फोटो काढला आणि म्हणाले, "आता बघा कसं मोकळं वाटतंय."

मयेकर हे मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर. मूळ मालवणकडचे. राहायला माझ्यासारखेच मोहम्मद बिन झायद सिटीत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी शिकायला इंग्लंडला गेली ती तिकडचीच झाली. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. जोडावर टॉर्च मारायची, खोट दिसली की खडूने फुली काढायची आणि "रिजेक्ट!" म्हणून गरजायचं, हे त्यांचं काम. हा शब्द ते घरी जाताना यार्डात ठेवून जात नसत. आमच्या घरी आले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे. "वाकडं आहे. रिजेक्ट." बायकोने केलेली सोलकढी प्यायची आणि म्हणायचं, "कोकम कमी. रिजेक्ट. पण अजून अर्धा ग्लास द्या."

मला मयेकरांचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी माझ्या चांगुलपणाबद्दल गैरसमज करून घेणार नाही.

हेव्याचं कारण असं. आमचं मंडळ दर गणपतीत फोटोंची स्पर्धा ठेवतं, विषय निसर्गचित्र. यंदा स्पर्धेचं सहावं वर्ष, आणि पहिली पाच वर्षं पहिला नंबर मयेकरांचा, दुसरा माझा. माझा कॅमेरा त्यांच्यापेक्षा भारी. माझ्या लेन्सची किंमत ऐकून बायको म्हणाली होती, "तीन हजार आठशे दिरहम? म्हणजे नव्वद हजार रुपये? एका भिंगाला?" मी थंडीत पहाटे उठून लिवाच्या वाळवंटात जायचो, वाळूवर पालथा पडायचो, बुटातून घरी वाळू आणायचो. आणि मयेकर? दर जुलैत पंधरा दिवस यॉर्कशायरच्या एका खेड्यात जायचे. तिथे हिरवी टेकडी, दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि वर ढग. फुकटचे ढग! आमच्याकडे आकाश अर्धं वर्ष धुळीच्या रंगाचं असतं. इंग्लंडच्या टेकडीवर कॅमेरा नुसता विसरून आलात तरी तो आपला आपण बरा फोटो काढेल, असं माझं मत होतं आणि ते मी भेटेल त्याला ऐकवत असे.

तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. माझ्या वाळूच्या टेकाडांच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक निळी आइसबॉक्स आली होती, आमचीच. परीक्षकांना ती दिसलीसुद्धा नव्हती. मयेकरांनी खिशातली टॉर्च काढून दाखवली. एवढ्यावर न थांबता कमिटीकडून नियमच करून घेतला : फ्रेममध्ये माणूस, गाडी किंवा घरगुती सामान दिसलं तर एन्ट्री बाद. "घर चालेल," मयेकर म्हणाले, "लांबचं घर निसर्गात मुरतं. घरगुती सामान मुरत नाही."

ह्या माणसाने माझी एकदाच गय केली. नवी लेन्स आली तेव्हा मी गच्चीवर जाऊन, समोर दिसलं त्याचा, म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो काढला आणि चुकून तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. हसण्याचा पूर आला. माझा मुलगा म्हणाला, "डॅड, इट्स लिटरली लाँड्री. डिलीट इट." मी मयेकरांच्या 'रिजेक्ट'ची वाट बघत बसलो. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे सगळं एकाच दोरीवर वाळतं?" हा टोमणा मला चार दिवस पुरला.

आता स्पर्धेचे सगळे फोटो छापायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी ड्रॉइंग ऑफिसात आहे आणि आमच्याकडे मोठ्या कागदाचा प्लॉटर आहे. यंदा लंच टाइममध्ये मयेकरांची फाइल उघडली. तीच टेकडी, तोच उतार, खाली उजव्या कोपऱ्यात नखाएवढं दगडी घर. प्रकाश असा, की माझ्या पोटात दुखलं. हा माणूस सहाव्यांदा पहिला येणार! मी फोटो मोठा करत गेलो. शंभर टक्के. दीडशे टक्के. कुठेतरी धुळीचा डाग, कुठेतरी वाकडं क्षितिज, काहीतरी द्या देवा. दोनशे टक्क्यांवर देव पावला. घराच्या मागच्या अंगणात दोरी होती आणि दोरीवर कपडे वाळत होते.

घरगुती सामान! मयेकरांच्याच नियमात मयेकर! मी खुर्चीत बसल्या बसल्या एक गिरकी घेतली.

कमिटीला सरळ कळवता आलं असतं. पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं. म्हणून त्यांना ऑफिसात बोलावलं, करक चाय मागवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "मयेकर, हे काय हो? तुमच्या फोटोत धुणं?"

मयेकर स्क्रीनकडे वाकले.

"टेन्शन नको," मी मोठ्या मनाने म्हणालो. मोठं मन दाखवायची अशी संधी सहा वर्षांत आली नव्हती. "दोन मिनिटांचं काम आहे. पुसून टाकतो. तिथे गवत लावतो. खलास."

"हात लावू नका!"

एवढ्या मोठ्याने ओरडले, की पलीकडचा केरळी ड्राफ्ट्समन उभा राहिला. मग मयेकरांनी फॉर्म मागून घेतला, शर्टाच्या खिशातला खडू काढला आणि स्वतःच्या नावावर फुली मारली. "रिजेक्ट. बरोबर आहे तुमचं. रूल इज रूल." चहा तसाच ठेवून गेले.

यंदा पहिला नंबर माझा आला. टाळ्या झाल्या, स्टीलचा डबा मिळाला. मयेकरांनी येऊन हात मिळवला आणि अगदी मनापासून म्हणाले, "वाळूवर लाइट छान पकडलात." मला भयंकर राग आला. ज्याचा हेवा करावा त्याने मैदान सोडून जायचं आणि वर आपलं कौतुक करायचं, म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात त्यांचे सहाही वर्षांचे फोटो एकाशेजारी एक लावले. टेकडीची जागा एकच. घर एकच. सहाही फोटोंत दोरी. पहिल्या वर्षी मोठ्यांचे कपडे होते. दुसऱ्या वर्षी त्यांच्यामध्ये हातरुमालाएवढे पांढरे ठिपके आले. मग ते दर वर्षी थोडे लांब होत गेले. यंदा एक लहानसा निळा स्वेटर होता, शाळेचा असावा. मी सहा वर्षं हे फोटो स्वतःच्या हाताने छापले होते आणि मला फक्त ढग दिसले होते.

त्या आठवड्यात मयेकर आपणहून आले. "एक काम होतं. तेवढाच कोपरा मोठा करून द्याल? जेवढा होईल तेवढा."

"फाटेल हो. नुसते ठिपके दिसतील."

"चालेल."

प्लॉटरमधून कागद सरकत बाहेर आला. खरंच नुसते ठिपके होते. कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद झाला असता. मयेकरांनी टॉर्च काढली आणि जोड तपासावा तशी दोरी डावीकडून उजवीकडे तपासली. "हा जावयाचा शर्ट. ही माझ्या शिल्पाची ओढणी, इकडची आहे, मीच घेतलेली. आणि हे..." टॉर्च निळ्या स्वेटरवर थांबली. "मुलगा आहे की मुलगी, तेवढं कळत नाही. आधी पांढरं, मग पिवळं, मग हिरवं. आता शाळेत घातलं तर सगळ्यांना निळं. ही लोकं काही कळूच देत नाहीत."

मग त्यांनीच सांगितलं. शिल्पाने तिकडचा मुलगा पसंत केला. लग्नाचं आमंत्रण पाठवलं, त्यावर पत्ता होता. मग तिने फोन केला. "त्याचा फोटो पाठवला होता तिने. विचारत होती, बाबा, कसा आहे? मी एकच शब्द बोललो. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर तिचा फोन नाही आणि मला करायला तोंड नाही."

"आणि तुम्ही त्या टेकडीवर दर वर्षी..."

"नुसतं कुणाच्या घराकडे बघत उभं राहिलं तर लोक पोलीस बोलावतील. ट्रायपॉड असला की कोण विचारत नाही. तिकडे सीझनमध्ये असे पुष्कळ येडे उभे असतात. एकदा दोरीवरचे कपडे काढायला शिल्पा बाहेर आली होती. वर बघितलं तिने. तिला वाटलं असेल, आहे कोणीतरी फोटोवाला." मयेकरांनी टॉर्च विझवली. "तेव्हा नाही काढला फोटो."

मी कागदाची गुंडाळी करायला घेतली. मयेकर म्हणाले, "तुमच्या सगळ्या फोटोंत मला एकच आवडतो."

लाज वाटते सांगायला, पण अशा वेळीही माझे कान टवकारले. लिवाचा? खारफुटीतल्या बगळ्यांचा?

"तो गच्चीवरच्या कपड्यांचा. माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. फ्रेम वाकडी, लाइट कडक, टेक्निकली सगळं चूक. पण तुमचा शर्ट, वहिनींचा गाउन, पोराची फुटबॉलची जर्सी, सगळं एकाच दोरीवर. आणि तुम्ही त्या कपड्यांपासून दोन हातांवर उभे. मला त्या फोटोचा हेवा वाटला हो. आजपण वाटतो."

सहा वर्षं मी ह्याच वाक्यासाठी झुरलो होतो. आता ते मिळालं आणि कुठे ठेवू कळेना. मी गुंडाळीला रबर लावत विचारलं, "त्या टेकडीवरून खाली घरापर्यंत जायला किती वेळ लागतो?"

"वीस मिनिटं. मध्ये एक लोखंडी फाटक आहे फक्त."

"मग?"

"जातो ना. दर वर्षी फाटकापर्यंत जातो," मयेकर म्हणाले. "त्याचं वेल्डिंग बघतो. चांगलं काम आहे, एकसुद्धा खोट नाही. मग परत वर येतो."