आसारामच्या डोक्यातला पूल

बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरच्या चैत्रापर्यंत मुक्कामाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. बोरटेकच्या ओढ्याकाठी आसाराम नावाच्या शेतकऱ्याच्या डोक्यात लोखंडी पाटी पडली. पाटीवर 'या पुलाचे उद्घाटन' अशी सुरुवात होती आणि खाली सात जणांची नावं होती. पूल मात्र नव्हता. ओढ्याला पाणी नाही, मग पुलाची घाई कशाला, असा विचार करून पाटी आधी लावली होती. सात नावांचं वजन वाऱ्यात तोललं नाही आणि ती खाली आली. एवढंच.

मी गोरक्ष, तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर. केसपेपर मीच लिहिला, म्हणून पाप माझ्याही माथी आहे. आसाराम बेशुद्ध होता, तेव्हा अपघाताची हकीकत मी ग्रामसेवकाच्या कागदावरून उतरवून घेतली. कागदात लिहिलं होतं, 'सदर इसम पुलावरून चौदा फूट खाली पडून डोक्यास मार.' ग्रामसेवकाचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. दप्तरी पूल पूर्ण झाला होता. पूर्ण झालेल्या पुलाजवळ माणूस डोकं फुटून सापडला, तर तो पुलावरूनच पडणार. दुसरीकडून पडायला परवानगी कुठे आहे?

तिसऱ्या दिवशी आसाराम शुद्धीवर आला, भाकरी मागितली, दोन खाल्ल्या आणि घरी निघाला. नेमके त्याच दिवशी डॉ. चिंचोरकर आमच्याकडे रुजू झाले. विलायतेत सहा वर्षं मेंदूच्या दुखापतींवर संशोधन करून आलेला विद्वान माणूस. सभ्य इतका की उंदरालाही 'आपण' म्हणेल. त्यांनी स्मृतीची तीस प्रश्नांची तपासणी तयार केली होती. उत्तरं सरकारी कागदाशी ताडून बघायची; तिसांपैकी तीस आले तरच रुग्ण बरा.

"आज वार कोणता?"

"भाईर मानसं काष्टीच्या बाजाराला चाललीत. म्हंजी आज शनवार."

"शाबास. घरात माणसं किती? बैल किती?"

"चार मानसं, दोन बैल. एक पांढरा, एक कोसा. छावनीत हायत."

पंचवीस उत्तरं अचूक आली. मग डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आता सांगा, आपण पुलावरून कसे पडलात?"

"कंच्या पुलावरनं?"

"आपल्या गावच्या."

"आमच्या गावाला पूल न्हाई, डाक्टरसाहेब. मी पडलो न्हाई, पाटी पडली. माज्या डोक्यात."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मुलगा झाल्याचा निरोप आलाय असं वाटावं. म्हणाले, "गोरक्ष, याला वार आठवतो, बैलांचे रंग आठवतात. फक्त एक पूल आठवत नाही. मेंदूतून नेमका पूल तेवढा गेला आहे. हे जगात कुठे नोंदलेलं नाही."

"साहेब, तिथं खरंच पूल नाही," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, जरा हळूच म्हणालो.

"आपण पाहून आलात?"

"नाही. पण लोक सांगतात."

"मग कागद चूक आणि लोक बरोबर?"

मी पडलो सरकारी नोकर. मी थर्मामीटर झटकला.

शास्त्र म्हणजे शास्त्र. तुलनेसाठी डोकं न फुटलेली माणसं हवीत, म्हणून डॉक्टरांनी बोरटेकची दहा माणसं बोलावली. रंगुबाई म्हणाली, "पूल? आमी तर ओढ्यातनंच जातो, बाबा." दगडाबाई म्हणाली, "पूल आसता तर माजी कोंबडी वाहून गेली आसती का मागं?" दहाही जणांना पूल आठवेना. शेवटी सरपंच सूर्यभान, ग्रामसेवक, ओव्हरसियर आणि ठेकेदार यांना विचारलं. चौघांना पूल आठवत होता. ओव्हरसियरला तर कमानी किती, चुना कुठला, सगळं पाठ होतं. निष्कर्ष उघड होता. बोरटेकच्या अख्ख्या गावाला विस्मरणाची साथ आली होती आणि चार मेंदू तेवढे शाबूत होते. डॉक्टरांनी कारण लिहिलं, 'पाण्याच्या अभावामुळे मेंदूचे शुष्कत्व.'

आता साथ गावाला, पण दाखल केलेला एकटा आसाराम. त्याला रोज सकाळी व्हरांड्यातल्या बाकावरून चालवायचं आणि प्रत्येक पावलाला 'पूल' म्हणवायचं, असा उपचार ठरला. बिचारा चालायचा, पण 'बाक' म्हणायचा. गुण येईना तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुण्याहून विजेचं यंत्र मागवू, फार नाही, थोडे झटके.

झटक्यांपेक्षा आसारामला घोर होता बैलांचा. गुरांची छावणी महिनाअखेर मोडणार होती. मालक आला नाही तर जनावरांचा लिलाव. आणि छावणीचा नियम असा, की डोक्याला मार लागलेल्या माणसाला बरं झाल्याचा दाखला आणल्याशिवाय जनावर द्यायचं नाही. ज्याला पूल ओळखू येत नाही त्याला बैल काय ओळखू येणार, असा त्यामागचा विचार. उरले होते चार दिवस.

त्याची बायको मनकर्णा भाकरी घेऊन आली. त्या दिवशी ती चिडलेलीच होती.

"अवं, पूल हाय म्हना की एकदाचं! पुलानं आपलं काय घोडं मारलंय?"

"न्हाई त्याला हाय कसं म्हनू?"

"का? आपलं लगीन ठरवताना तुमच्या आबांनी बारा एकर बागाईत हाय म्हनून सांगितलं हुतं. मी मानलंच न्हवं? आले, बघितलं, गप बसले. आता तुमी एक पूल माना. तिकडं माजी लेकरं बैलांची वाट बघत्यात, आन ह्ये बाकाला बाक म्हनत्यात!"

आसारामनं भाकरी मोडली आणि अर्धी परत फडक्यात बांधली. कणगीतली मूठमूठ ज्वारी घालून त्या बैलांना त्यानं संक्रांतीपर्यंत जगवलं होतं, मगच छावणीत नेलं. माझ्याच्यानं बघवेना. आसारामला अक्षराला अक्षर लावून वाचता यायचं. मी केसपेपर, ओव्हरसियरच्या जबाबासकट, त्याच्या उशाशी विसरलो. मुद्दाम विसरलो, आता सांगायला काय हरकत आहे?

दुसऱ्या दिवशी फेरतपासणी झाली.

"पूल?"

"हाय. तीन कमानी. चौदा फूट उंच."

"पडलात कसे?"

"कठड्यावर बसून ओढ्याचं पानी बघत हुतो. लई पानी. भवळ आली."

तिसांपैकी तीस! डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःच्या हातानं दाखला लिहिला, 'रुग्णाची स्मृती शासकीय नोंदींशी तंतोतंत जुळते.' रुग्ण बाहेर कसा वागतो ते टिपायला मला त्याच्याबरोबर छावणीत पाठवलं.

छावणीच्या कारकुनानं दाखला वाचला, रजिस्टर उघडलं आणि मान हलवली. "तुमचे बैल गेले की. हे बघा. पांढरा एक, कोसा एक, पाच तारखेला मालकानं समक्ष परत नेले. अंगठाही आहे."

"पाच तारखेला हा दवाखान्यात निजून होता," मी म्हणालो.

"ते तुमच्या रजिस्टरात. माझ्या रजिस्टरात इथं होता." कारकुनानं दाखल्यावर बोट ठेवलं. "आणि हा काय म्हणतो? स्मृती नोंदीशी जुळते. नोंद ही अशी आहे. आता आठवा, नाहीतर जा परत दवाखान्यात."

बैल कुठल्या बाजारात पोचले असतील ते दिसतच होतं. आसारामनं डोक्यावरची खोक खाजवली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रजिस्टराकडे.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "आता आटवलं. नेले हुते मी."

कारकून सैलावला. "हां! असं शहाण्यासारखं बोला."

"नेले, आन ऊन लई म्हनून पुलाखाली सावलीला बांधले. मदल्या कमानीत."

"मग जा, सोडून घ्या."

"गेल्तो. पन मला पूल घावंना. डोक्याला मार हाय न्हवं. सरकारचा मानूस संगट द्या, पूल दावा, मी बैल सोडून घेतो. न्हाईतर लिवून द्या, तिथं पूल न्हाई म्हनून. दोन्हीतलं काय बी द्या. मी इथंच बसतो."

आणि बसला. मी अर्ज लिहून दिला. असा अर्ज आयुष्यात एकदाच लिहायला मिळतो. अर्ज तहसिलीत गेला, तिथून 'पुलाचा समक्ष पंचनामा करावा' असा शेरा पडला, आणि त्याच दिवशी सरपंच सूर्यभान डोकं धरून दवाखान्यात हजर. पाठोपाठ ओव्हरसियर, ठेकेदार, ग्रामसेवक.

"डॉक्टर, चार दिवस झाले, काहीच आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"तो पूल."

डॉक्टरांनी चौघांची डोकी बोटांनी चाचपली. जखम नाही, सूज नाही. विस्मरण मात्र पक्कं. बैल मिळाले की अर्ज संपतो, एवढं तेवढं चौघांच्या ध्यानात राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आसारामच्या दारात दोन्ही बैल उभे होते. कोसा जरा रोडावला होता, पण दावी नवी होती, आणि गळ्यात घुंगरं होती जी त्यांच्या बापजन्मी नव्हती. मनकर्णानं बैलांच्या पायावर पाणी घातलं आणि रडली. छावणीच्या रजिस्टरात नोंद झाली, 'सदर जनावरे पुलाखालून सोडवून मालकाच्या ताब्यात दिली.' आसारामनं अर्ज मागे घेतला. पंचनामा राहिला. चौघांची स्मृती दुपारच्या आत परत आली. पुढच्या वर्षी पुलाच्या दुरुस्तीचं काम मंजूर झालं आणि पाटी नव्यानं रंगवून निघाली. डॉक्टरांचा प्रबंध विलायतेत छापून आला. त्यात चौघांच्या आजाराला नाव दिलं आहे, उपचार मात्र दिलेला नाही.

हसू आलं ना तुम्हाला? येऊ द्या. तुम्हीही त्या रस्त्यानं जाता. एसटी ओढ्यात उतरते, बाया पोरांना पोटाशी धरतात, तुमचं डोकं वरच्या दांड्याला आपटतं. खिडकीतून पाटी दिसते. तुम्ही ती वाचता, शेजाऱ्याकडे बघून गालात हसता आणि तंबाखू मळायला घेता. पूल कुठे आहे, असं आजवर तुम्ही कुणालाही विचारलेलं नाही. म्हणजे तपासणीची गरजच नाही. तुमचा कागद मी केव्हाच भरून ठेवला आहे. तिसांपैकी तीस.