एकवीस लक्षणांचा माणूस

घरातलं आरोग्यविषयक अज्ञान आपण महिन्याभरात पुसून टाकू, याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. महाविद्यालयाच्या आरोग्य शिबिरात ती पहिली आली होती! बस चालवणाऱ्या बाबांची वार्षिक तपासणी जवळ आली होती. डॉक्टरांची सही मिळाली नाही, तर सोमवारपासून स्टिअरिंग सुटणार आणि आगाराच्या खिडकीत पास देत बसावं लागणार. बाबांना त्यापेक्षा वनवास परवडला असता.

म्हणून तिने फ्रिजच्या दारावर एक कोरा तक्ता चिकटवला, निरभ्र आभाळासारखा निष्पाप. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘लक्षणे’. कोणाची, ते लिहायचं राहिलं.

घराला तक्रारवहीच मिळाली! आई, आत्या आणि धाकट्या भावाने पंधरवड्यात एकवीस ओळींनी तक्ता भरून टाकला. सगळे बाबांच्या प्रकृतीकडे किती बारकाईने पाहतात, या विचाराने तिचा ऊर भरून आला. निरीक्षणात स्वतःचं मत मिसळायचं नाही, हे शिबिरातलं सूत्र पाळून तिने ओळ न ओळ टाईप केली आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

“गुडघे कुरकुरतात,” डॉक्टर वाचू लागले. “केस मूठमूठ गळतात. गणिताचा पेपर म्हटलं की पोटात गोळा येतो... कोणता पेपर?”

“मला काय माहीत, साहेब!” बाबा म्हणाले.

“बाबा, डॉक्टरांपासून काही लपवायचं नसतं!”

“आणि मासिक पाळी अनियमित आहे?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. भर चौकात आडव्या येणाऱ्या स्कूटरवाल्याकडे ते असंच पाहत.

“ते... बहुधा आत्याचं असेल,” ती पुटपुटली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “यातलं तुमचं कोणतं, तेवढ्यावर बोट ठेवा.”

बाबांनी कागद घेतला. लांब धरला. आणखी लांब. हात संपला, तेव्हा मान मागे नेली.

“हिचं अक्षर फार घाणेरडं आहे!”

“टाईप केलंय ते.”

“पण गाडी चालवताना कागद कोण वाचतो, साहेब?”

“बरं, भिंतीवरचा तक्ता वाचा. सगळ्यात वरची, मोठी ओळ.”

बाबांनी डोळे बारीक केले, विस्फारले, आणि अखेर लेकीकडे वळले. “तूच वाच गं. एवढं शिबिर केलंस ना!”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. “आधी चष्मा, मग सही.”

जिना उतरताना बाबा कठडा चाचपत तणतणत होते. तिला राहवलं नाही. “दिसत नाही, हे घरी सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं, तर तू लिहिलं असतंस!”