मास्टरशी वाद नाही

ग्राहकाची माणसं तपासणीला येणार म्हणून जयवंत घाडीने मास्टर डबा धुवायला काढला, आणि तिथून सगळं बिघडलं. नसता धुतला तरी चाललं असतं. बावीस वर्षं तो डबा रोज वापरात होता, कुणी त्याला मळका म्हणालं नव्हतं. पण जयवंतला राहवेल तर ना.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या गल्लीत, स्टीलचे जेवणाचे डबे करणारा एक कारखाना आहे. गोल, एका खणाचा, बिनरबराचा डबा ही त्यांची खासियत. झाकण असं बसतं की डबा उलटा धरला तरी ताक सांडत नाही. हजारो डबे एकसारखे निघायचे तर समोर एक नमुना हवा, म्हणून ग्राहकाने पसंत केलेला एक डबा कपाटात कुलूप लावून जपतात. त्याला म्हणायचं मास्टर. नवीन झाकण प्रेसमधून उतरलं की मास्टरवर ठेवून बघायचं. हात न लावता ते हळूहळू खाली सरकलं आणि शेवटी ‘फुस्स’ असा आवाज आला, की पास. नाही आला, की लाल खडूने फुली.

ही फुली मारण्याचा अधिकार जयवंतचा. कपाटाची किल्ली त्याच्या गळ्यात असायची, अंघोळीलाही निघत नसे. “वहिनींच्या मंगळसूत्रापेक्षा हिचा तोरा जास्त,” असं प्रेसवरचा अंबादास साळवे चिडवायचा. असं चिडवायचा हक्क त्याचाच होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागले. अंबादास झाकणं करायचा, जयवंत ती तपासायचा, आणि दुपारी एक वाजता दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. अंबादासचा जालन्याकडचा ठेचा, जयवंतची मालवणी सुकट. तपासणीत मात्र जयवंतने मैत्री कधी आणली नाही. अंबादासने जरा कुरकुर केली की हा म्हणायचा, “मास्टरशी वाद नाही.” हे वाक्य त्याला इतकं आवडायचं की स्वतःच्या हाताने पाटी रंगवून त्याने ती भिंतीला ठोकली होती.

तर त्या सोमवारी जेवण झाल्यावर जयवंतने मोरीवर आपला जेवणाचा डबा घासला आणि लगे हाथ मास्टरही घासून घेतला. आता त्याचा जेवणाचा डबा म्हणजे ह्याच कारखान्याचा, पण नापास माल. दर दिवाळीला नापास डबे कामगारांना वाटायची तिथे रीत आहे. ह्या डब्याचा काठ केसभर लंबगोल होता, त्यामुळे झाकण एका अंगाने सैल. बाकी दिसायला मास्टरचा जुळा भाऊ. मास्टरच्या बुडाला एक चिठ्ठी होती, तिच्यावर ग्राहकाची आणि जयवंतची सही. ती पाण्याने सुटली. जयवंतने दोन्ही डबे पुसले, चिठ्ठी उन्हात वाळवली, डिंक लावून प्रेमाने चिकटवली, वरून चिकटपट्टी मारली आणि डबा पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. चुकीचा डबा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते कळायला त्याला अकरा दिवस लागले.

ग्राहकाची माणसं आली आणि खूश होऊन गेली. चिठ्ठी इतकी नीट जपलेली आपण कुठेच पाहिली नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. त्याच दुपारी अंबादासची पन्नास झाकणं तपासणीला आली आणि त्यातल्या एक्केचाळीसवर लाल फुली पडली.

“अंब्या, झाकण बसत नाहीये.”

“काल तर बसत होतं.”

“काल बसलं म्हणून आज बसेल, असा काय करार झालाय?”

अंबादासने एक झाकण उचलून उजेडात फिरवलं. “साचा तोच, पत्रा तोच. जया, एकदा मास्टर बघू दे ना यार.”

“मास्टरमध्ये काय बघायचंय? मास्टर बदलतो का? बदलतो तो साचा. नाहीतर हात.”

तो ‘हात’ म्हणाला नसता तर बरं झालं असतं. अंबादासने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं, आणि प्रेसकडे गेला. एका अंगठ्याची जुनी जखम सोडली तर बावीस वर्षांत त्या हातांत खोट निघाली नव्हती, आणि हे जयवंतइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे चार दिवस अंबादास साचा खोलत होता आणि लावत होता. इकडून घासला, तिकडून पाचर मारली. शनिवारी एकदाचं झाकण मास्टरवर बसलं. फुस्स नाही झालं, पण फस्स म्हणता येईल इतपत झालं.

“आता कसं,” जयवंत म्हणाला.

अंबादासने पाना पुसून खणात ठेवला. दोन हजार डबे सहीशिक्क्यासह गाडीत चढले.

ह्या सगळ्यात इशारे मिळाले नाहीत असं नाही. देवाने बिचाऱ्याने पुष्कळ प्रयत्न केले. नवा सुपरवायझर मुकुल एकदा नाक धरून म्हणाला, “घाडीकाका, तुमच्या कपाटातून सुकटीचा वास येतो.” जयवंतने झाडूवाल्याला झापून कपाट फिनेलने पुसून घेतलं. मग मुंग्यांची रांग लागली, भिंतीवरून सरळ मास्टरकडे. जयवंतने त्यांच्यासाठी खडूची रेघ ओढली. घरी तर सुलक्षणाने सरळच विचारलं.

“अवो, ह्यो डबो गळाचो थांबलो कसो? पिशयेक तेलाचो एक डाग नाय.”

“आमटी आता घट्ट करतंस ती.”

“आमटी तशीच आसा. वीस वर्षां पिशये धुतंय मी, माका म्हायत नाय?”

“मगे फॅक्टरीचो माल आसा तो. सुधारलो असात,” जयवंत म्हणाला आणि पेपर वाचू लागला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

बुधवारी ग्राहकाचे फोटो आले. ऑफिसांच्या बॅगांतून वरण सांडलेलं. एका बाईच्या फायलींवर कढी. एकाने तर कीबोर्डच्या फटींतून शिताशिताने भात वेचतानाचा व्हिडिओ पाठवला. मालक राजेशशेठनी जयवंत, अंबादास आणि मुकुल अशा तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

“साचा कोणी फिरवला?” शेठनी विचारलं.

“मी,” अंबादास म्हणाला.

“कशाला फिरवला?”

अंबादासने जयवंतकडे पाहिलं. एवढंच. जयवंतला त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं, की शेठ, मीच त्याला फिरवायला लावला. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण त्याच्या आधी दुसरंच बाहेर पडलं.

“माझ्याकडे आला तेव्हा माल मास्टरप्रमाणे होता. नंतर साचा हलला असणार.”

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. अंबादासला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं. त्याने संध्याकाळपर्यंत खोकी बांधली, एप्रन धुऊन खिळ्याला अडकवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी संघमित्रा राजीनाम्याचं पाकीट देऊन गेली. जयवंतने तिला हाक मारली, तर ती “येते काका” म्हणाली आणि थांबली नाही.

शुक्रवारी एक वाजता जयवंत बाकावर एकटा बसला. इतकी वर्षं तो बाक दोघांच्या बडबडीने भरलेला असायचा. शेजाऱ्याची पार्किंग, पोरांची शिक्षणं, शेठची नवी गाडी. त्या दिवशी कुणीच बोलायला नव्हतं. पलीकडे पंखा फिरत होता तेवढाच. जयवंत डब्याचं झाकण उचलायला गेला, ते येईना. जोर लावला तेव्हा सुटलं. आत वाकून पाहिलं, सुकट होती, पण जेवायची इच्छा नव्हती. त्याने झाकण परत ठेवलं. ते हात न लावता हळूहळू खाली गेलं आणि म्हणालं, फुस्स.

आवाज अगदी ओळखीचा होता. त्याने झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. फुस्स. तो उठला, कपाट उघडलं, मास्टर नाकाशी धरला. फिनेल होतं, पण त्याखाली सुलक्षणाच्या हातची सुकट लपली नव्हती.

नुसती अदलाबदल करून गप्प बसता आलं असतं. किल्ली त्याच्याच गळ्यात होती. मनात आलं नाही असं नाही, अगदी चांगलं पाच मिनिटं आलं. मग दोन्ही डबे घेऊन तो शेठच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून टाकलं. शेठनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“घाडी, हे बाहेर बोलू नका. ग्राहकाला पत्र गेलंय, चुकीचा माणूस दूर केला म्हणून. त्यांचं उत्तरही आलंय. तुमची तपासणी कडक आहे म्हणतात.”

“शेठ, चुकीचा माणूस मी आहे.”

“ते मला कळलं. त्यांना कशाला कळवायचं? साळवेला परत बोलवा, प्रेस त्याचीच आहे. विषय संपला.”

विषय संपवायला रविवारी जयवंत वाकोल्याला गेला. अंबादासची खोली गल्लीच्या टोकाला. दारात संघमित्राने पाणी दिलं, चहाला ठेवते म्हणाली. अंबादास खाटेवर बसून जुना टेबलफॅन खोलत होता. त्याने “ये” म्हटलं आणि पुन्हा स्क्रूकडे बघू लागला. जयवंतने सगळी हकिगत सांगितली, मोरीपासून फुस्सपर्यंत. त्यात स्वतःला जितक्या शिव्या घालता येतील तितक्या घातल्या.

“मला ठाऊक होतं,” अंबादास म्हणाला.

“काय?”

“तिसऱ्या दिवशी फडक्याला सुकटीचा वास आला. बावीस वर्षं तुझ्या डब्यात जेवतोय मी. ओळखणार नाही?”

“मग अरे बोलायचंस तरी.”

“बोललो होतो की पहिल्या दिवशी. एकदा मास्टर बघू दे म्हटलं. तू काय म्हणालास?”

जयवंतला आठवत होतं. पाटी तर अजून भिंतीवर होती.

“वास आल्यावर म्हटलं, आता हा स्वतःच ओळखेल,” अंबादास म्हणाला. “मग केबिनमध्ये म्हटलं, आता तरी बोलेल. बस, एवढीच वाट बघितली मी.”

संघमित्राने चहा आणून ठेवला. जयवंतने कप बाजूला सरकवला. “उद्यापासून ये,” तो म्हणाला. “शेठ हो म्हणालेत. मी सगळ्यांसमोर सांगतो माझी चूक.”

“तू सांग. चांगलंच आहे. मी नाही येत रे. घाटकोपरला भाच्याचं वर्कशॉप आहे, पंख्यांच्या जाळ्या करतात. शब्द दिलाय त्याला.”

“तिथे तपासणीला कोण आहे?”

“कुणी नाही. भाचा म्हणतो, मामा, तुमच्या हातून उतरलं म्हणजे झालं.”

जयवंत उठला. दारापर्यंत अंबादास आला, खांद्यावर हात ठेवला, वहिनींना नमस्कार सांग म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी जयवंतने सगळ्यांसमोर चूक सांगितली. कुणी हसलं, कुणी हळहळलं, मुकुलने वहीत काहीतरी लिहून घेतलं. पाटी जयवंतने स्वतःच उतरवली. खऱ्या मास्टरला नवी चिठ्ठी लागली, आणि किल्ली आता मुकुलकडेही असते. जुनी चिठ्ठी मात्र लंबगोल डब्याच्या बुडाला आहे तशीच आहे. डिंक असा काही पक्का बसलाय की ती निघत नाही.

तोच डबा जयवंत पुन्हा रोज नेतो. बाकाच्या अर्ध्या भागावर बसतो, अर्धा मोकळा ठेवतो. आमटी गळते, पिशवीला डाग पडतात, आणि सुलक्षणा मोरीवर पिशवी चोळत करवादते.

“मेलो डबो परत गळाक लागलो. कारखान्यात इतके चांगले डबे, त्यातलो एक आणूक काय होता?”

जयवंतने डबा उलटा करून तिच्यापुढे धरला. बुडाला पिवळी पडलेली चिठ्ठी होती, तिच्यावर त्याची सही.

“ऱ्हवांदे,” तो म्हणाला. “ह्यो मीच पास केलेलो आसा.”